बंद पडलेले इंजिन

दिवाळीच्या तोंडावर माळ्यावरचे जुनेपुराणे खाली काढायचे आणि भंगारवाल्याच्या तराजूत घालायचे, ही आपल्या घरांची रीत. नेमक्या त्याच सुमारास मी बाहेरचे भंगार घरात आणतो. खेळण्यातील आगगाडीची बंद पडलेली इंजिने स्वस्तात घ्यावीत आणि चालती करावीत, हा माझा छंद. मराठीच्या प्राध्यापकाने समास सोडवावेत, स्क्रू सोडवू नयेत, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. पण दोन्हीकडे काम एकच. जोडलेले वेगळे करायचे आणि कशाचा कशाशी संबंध आहे ते पाहायचे.

माझ्या वाट्याला येतात ती इंजिने बहुधा विलायतेची. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९२० साली किल्लीवर चालणारी गाडी बाजारात आणली. १९३८ साली ‘हॉर्नबी डब्लो’ ही छोटी गाडी आली. खऱ्या गाडीच्या एका फुटाला इथे चार मिलिमीटर, आणि दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर. पुढे ट्राय-अँगवाल्यांनी प्लॅस्टिकची गाडी काढून ती बेताच्या मिळकतीच्या घरांतही पोचवली आणि १९६४ साली हॉर्नबीची मेकॅनो कंपनीच विकत घेतली. अशा काही गाड्या प्रवाशांच्या ट्रंकांतून मुंबईस उतरल्या. मुले मोठी झाली, गाडी माळ्यावर गेली आणि माळ्यावरून चोरबाजारात.

चोरबाजारातला विक्रेता आता भोळा राहिलेला नाही. ‘लंडन का माल है, साहब,’ म्हणत तो मोबाइलवर तिकडचा भाव दाखवतो. तो भाव खोक्यासकट चालत्या इंजिनाचा असतो. आपल्या हातातले मुके आहे आणि एका चाकाने लंगडे आहे, हे हसतमुखाने दाखवून द्यावे आणि मग घासाघीस सुरू करावी.

खिशात नऊ व्होल्टची बॅटरी आणि वायरचे दोन तुकडे असावेत. एक वायर डाव्या चाकांना, दुसरी उजव्या चाकांना लावावी. मोटार गुरगुरली तर अर्धे काम झाले. न गुरगुरली तरी चाके बोटाने फिरवण्याचा मोह टाळावा. पुष्कळ इंजिनांत मोटारीच्या दांड्यावर मळसूत्रासारखा गिअर असतो. मोटार चाकाला फिरवते, पण चाक मोटारीला फिरवू शकत नाही. जोर केला की दाते जातात.

आणि आता मुख्य गोष्ट. बंद पडलेले इंजिन आणि मेलेले इंजिन यांत फरक आहे, आणि तो ओळखता आला की या छंदात पैसे बुडत नाहीत. बंद पडलेली दहा इंजिने उघडावीत, तर बहुतेकांत सापडतो तो नुसता मळ. वंगण सुकून लाखेसारखे घट्ट झालेले, चाकांवर काळी पुटे चढलेली, कार्बनचे ब्रश झिजलेले. याला औषध आहे. खरे मरण येते ते धातूला. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूत शिशाचा अंश राहिला, की दमट हवेत तो आतून पोखरत जातो. आधी फुगतो, मग केसासारख्या भेगा पडतात आणि शेवटी बोटांत बिस्किटासारखा चुरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या खेळण्यांत हा रोग फार. तो शेजारच्या इंजिनाला लागत नाही, पण ज्याला झाला त्याला उतारही नाही. म्हणून रंगाच्या चकाकीवर जाऊ नये. उलटे करून भिंगाने पोट पाहावे. तिथे भेग दिसली, तर फुकट दिले तरी नमस्कार करून पुढे जावे.

दुरुस्ती शांतपणे करावी. टोपी एकदोन स्क्रूंवर बसवलेली असते. ती काढली की प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घ्यावा आणि निघालेले भाग त्याच क्रमाने ताटात मांडावेत. ब्रशांची कमान तांदळाच्या कणीएवढी असते आणि सुटली की थेट कपाटाखाली जाते. ब्रश जिथे घासतात ते तांब्याचे तीन तुकड्यांचे कडे स्पिरिटने पुसावे, त्यांच्या फटींतला कोळसा दात कोरण्याच्या काडीने काढावा. लोहचुंबक मात्र जागचा हलवू नये. जुन्या मोटारींतला चुंबक बाहेर काढला की त्याचे बळ कमी होते. शेवटी तेलाचा एक थेंब. दुसरा थेंब ब्रशांपर्यंत पोचतो आणि पुन्हा पहिल्यापासून पुसावे लागते.

एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. जुने इंजिन घ्यावे, जुना ट्रान्सफॉर्मर घेऊ नये. इंजिनाला बारा व्होल्ट लागतात, पण ट्रान्सफॉर्मर भिंतीतली वीज घेतो आणि त्याच्या जुन्या वायरीचे रबर तडकलेले असते. घरात मुले असतात. तिथे काटकसर नको.

ट्राय-अँगच्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मोटारींचे ब्रश आणि कमानी इंग्लंडातले छोटे दुकानदार आजही विकतात. लिव्हरपूलचा बिन्स रोडवरचा तो कारखाना १९७९ सालीच बंद झाला, तरी त्याची इंजिने अजून स्क्रू फिरवून उघडता येतात. आमच्या शेजारच्या मुलाची नवी मोटारगाडी महिन्याभरात बंद पडली, तेव्हा ती घेऊन तो माझ्याकडे आला. तिला कुठे स्क्रूच नव्हता. सगळे चिकटवलेले. ‘काका, मग ही उघडायची कशी?’ या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपण विकलेली वस्तू कधीतरी बिघडेल आणि कुणाला ती उघडावी लागेल, एवढा विचार करून दोन स्क्रू ठेवणे ही मला गिऱ्हाइकाशी राखलेली सभ्यता वाटते.

सुटीत मुलांना घेऊन पुण्याला कोथरूडमधल्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात जरूर जावे. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले हे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. तिथली गाडी पाहून मुलाने हट्ट धरला, तर त्याला चकचकीत नवा संच घेऊन देण्याआधी एखादे मुके इंजिन आणि एक चांगला स्क्रू-ड्रायव्हर आणून द्यावा. स्वतः पुसलेले, जोडलेले इंजिन पहिला हिसका देऊन रुळावर हातभर सरकते, तेव्हा त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसते ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.