टू-इन-वन संगणक आणि ड्राफ्ट सर्व्हे

मुरगाव बंदरात लोहखनिज भरलेल्या जहाजातील माल किती, हे बहुधा ड्राफ्ट सर्व्हेने, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडाले आहे ते मोजून केलेल्या हिशेबाने ठरते. या कामाचे दोन भाग पडतात. पुढच्या, मधल्या व मागच्या खुणांचे दोन्ही बाजूंचे मिळून सहा आकडे, हायड्रोमीटरने घेतलेली पाण्याची घनता आणि बॅलास्ट टाक्यांतील पाण्याची पातळी हे सारे होडीत किंवा डेकवर उभ्यानेच टिपावे लागते. जहाजाच्या तक्त्यांवरून वजन काढण्याचे व ट्रिमची, म्हणजे पुढच्या-मागच्या बुडातील फरकाची, दुरुस्ती करण्याचे गणित मात्र टेबलाशी बसून कीबोर्डवर होते. त्यामुळे कीबोर्ड काढताच किंवा पडदा उलटताच टॅबलेट होणारा टू-इन-वन लॅपटॉप बंदराशेजारच्या वास्कोतील सर्व्हेअरांना आपल्यासाठीच बनवला आहे असे वाटले, तर नवल नाही.

या यंत्रांचे दोन प्रकार आहेत. 2012 मध्ये आलेल्या लेनोवो योगासारख्यांत पडदा बिजागरीवर पूर्ण उलटतो, पण कीबोर्ड सुटत नसल्याने सगळे वजन हातावरच राहते. त्याच वर्षीच्या मायक्रोसॉफ्ट सरफेससारख्यांत कीबोर्ड सुटतो, परंतु प्रोसेसर, बॅटरी आणि उष्णता हे सारे पडद्यामागच्या पातळ जागेत कोंबावे लागते. सरफेस आरटी या स्वस्त आवृत्तीवर विंडोजचे जुने प्रोग्राम चालतच नसत, आणि 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टला त्यापोटी 90 कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला. ज्यांची ट्रिमची गणिते एक्सेलच्या मॅक्रोवर, म्हणजे शीटमध्ये लिहून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामवर, चालतात, त्यांनी आयपॅड किंवा अँड्रॉइड टॅबलेट घेण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे. तेथील एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत.

डेकवरची अडचण निराळी आहे. आयपी 65 या मानांकनातील पहिला अंक धूळरोधाचा व दुसरा जलरोधाचा असला, तरी ती चाचणी गोड्या पाण्याची असते, खाऱ्या हवेची नव्हे. कीबोर्ड जोडणाऱ्या उघड्या धातूच्या टोकांना मीठच अधिक जाचते. स्पर्शपडदा पावसाचे थेंब आणि बोट यांत गोंधळतो, भर उन्हात साध्या पडद्यावरचे आकडे दिसत नाहीत, आणि चिकटवलेला पडदा उचकटल्याखेरीज अनेक टू-इन-वनची बॅटरी बदलता येत नाही. शिवाय मध्य-प्रवाहात नांगरलेल्या जहाजावर ते एकच यंत्र बंद पडले, तर नोंद आणि गणित दोन्ही अडतात.

म्हणून ड्राफ्ट सर्व्हेपुरते तरी कार्यालयातील चांगला लॅपटॉप, डेकवर जाड आवरणातील साधा टॅबलेट आणि जहाजाच्या अधिकाऱ्याची सही असलेली कागदी नोंदवही, हीच जोडणी अधिक शहाणपणाची ठरते. नुकसानीच्या पाहणीत, जेथे छायाचित्रावर खुणा करून अहवाल जागेवरच लिहावा लागतो, तेथे मात्र टू-इन-वनची जादा किंमत वसूल होते. ड्राफ्ट सर्व्हेसाठी टू-इन-वन न घेतल्याने वाचलेले पैसे उत्तम हायड्रोमीटरवर घालावेत. पावसाळ्यात जुवारी नदीचे गोडे पाणी बंदरात मिसळून घनता 1.025 च्या खाली येते, आणि 80,000 टन विस्थापनाच्या जहाजावर तिच्या वाचनातील 0.001 ची चूक सुमारे 78 टनांची होते.