जपानी आकडे: सुरुवात एका रेघेने

जपानी लिपी पाहूनच घाबरलात? मग वही-पेन घ्या आणि आकड्यांपासून सुरुवात करा.

डावीकडून उजवीकडे एक आडवी रेघ ओढा. झाला 'इची', म्हणजे एक! एकाखाली एक दोन रेघा, खालची लांब, म्हणजे 'नी', दोन. तीन रेघा, मधली सर्वांत आखूड, म्हणजे 'सान', तीन. 'जू', म्हणजे दहा, दिसतो अधिकच्या चिन्हासारखा. त्यात आडवी रेघ आधी, उभी नंतर.

आता गंमत पाहा. दहापुढे एक लिहिला की ११, दोनपुढे दहा लिहिला की २०. आपल्यासारखं एकोणतीस, एकोणचाळीस वेगळं पाठ करायला नको!

पण एकाला एक रेघ वाढवली की दोन होतात आणि उभी रेघ मारली की थेट दहा! म्हणूनच जपानमध्ये महत्त्वाच्या कागदपत्रांवर आणि लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर रक्कम लिहिताना या आकड्यांची अवघड रूपं वापरतात. आपण चेकवर रक्कम अक्षरी लिहून पुढे 'फक्त' लिहितो ना, तसंच.

ही चार चिन्हं आज पाच-पाच वेळा गिरवा. मग न बघता ३३ लिहून पाहा. जमलं का? तीन, दहा, तीन!