ॲप म्हणतं 'नो फॉल्ट', मग कूलंट जातंय कुठे? जुन्या गाडीतली गळती अशी ओळखा

जुनी गाडी ठेवणं महाग होत चाललंय. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने 20 वर्षांपेक्षा जुन्या कारचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी 5,000 वरून 10,000 रुपये केली. दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना इंधनच द्यायचं नाही, असा नियम 1 जुलै 2025 ला सुरू झाला आणि आठवडाभरात थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने फक्त वय बघून मालकांवर कारवाई नको असं सांगितलं. डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-4 आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं.

या सगळ्या वादाचा गाभा एकच: गाडीचं वय बघायचं की अवस्था? वय आरसीवर छापलेलं असतं. अवस्था मात्र आपल्यालाच तपासावी लागते, आणि त्यासाठी कूलंटइतकी चांगली सुरुवात दुसरी नाही. काहीशे रुपयांच्या होजकडे दुर्लक्ष झालं, तर इंजिन तापून हेड गॅस्केट जातं आणि बिल हजारोंच्या घरात पोचतं.

ॲपला काय दिसतं, काय नाही?

भारतात नव्या गाड्यांना ओबीडी-2 एप्रिल 2013 पासून सक्तीचं आहे. त्यामुळे ब्लूटूथ डोंगल लावून फोनवर इंजिनचा डेटा बघता येतो. त्याआधीच्या गाडीला डोंगल जोडलं जाईलच असं नाही.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांत कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर असतो, पातळी मोजणारा नसतो. म्हणजे बाटली अर्धी रिकामी झाली तरी ॲप 'नो फॉल्ट'च दाखवणार. त्याहून वाईट म्हणजे कूलंट खूप कमी झालं की सेन्सर द्रवाऐवजी हवेत किंवा वाफेत उघडा पडतो आणि चुकीचा, कधीकधी कमी आकडा दाखवतो. इंजिन उकळतंय आणि स्क्रीन शांत!

म्हणून फॉल्ट कोडपेक्षा लाइव्ह ग्राफ बघा. गरम इंजिनचं तापमान साधारण 85 ते 105 अंशांत राहतं. ट्रॅफिकमध्ये वाढतंय आणि गाडी पळाली की उतरतंय? आधी रेडिएटरचा फॅन तपासा. हायवेवर किंवा घाट चढताना वाढतंय? कूलंट कमी आहे किंवा रेडिएटर चोंदलाय. आकडा अचानक वर-खाली उड्या मारतोय? गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

आता बॉनेट उघडा

इंजिन पूर्ण थंड असतानाच. गरम असताना कॅप उघडू नका. आत दाब असतो, उकळतं कूलंट तोंडावर उडतं.

1. बाटलीवर मिन-मॅक्सच्या खुणा असतात. रोज सकाळी, गाडी सपाट जागी असताना, फोनने फोटो काढा. आठवडाभरात पातळी उतरली तर गळती आहे.
2. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. स्वच्छ, बिनवासाचं पाणी बहुतेक वेळा एसीचं असतं. हिरवं, गुलाबी किंवा नारंगी, बोटाला चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट. ते विषारी असतं आणि कुत्री-मांजरं चाटतात, म्हणून लगेच धुऊन टाका.
3. होजचे क्लॅम्प, रेडिएटरची प्लॅस्टिक टाकी आणि ॲल्युमिनियमचा जोड, थर्मोस्टॅटचं घर, वॉटर पंपाखालचं बारीक भोक या जागी टॉर्च मारा. वाळलेले पांढरट किंवा रंगीत डाग म्हणजे गळतीचा पत्ता.
4. पुठ्ठा कोरडा, पण पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं आणि काचेवर चिकट धुकं? हीटर कोअर गळतोय.
5. कुठेच काही नाही, तरी पातळी उतरतेय? सायलेन्सरमधून गोडसर वासाचा, न थांबणारा पांढरा धूर, ऑइल दुधाळ, इंजिन चालू असताना बाटलीत सतत बुडबुडे, ही हेड गॅस्केटची लक्षणं आहेत. सोबत पी0301 सारखा मिसफायर कोड आला तर संशय आणखी वाढतो.

कॅपही विसरू नका. ती आत साधारण 1 बार दाब धरून ठेवते, त्यामुळे कूलंट उशिरा उकळतं. रबर सैल झालं की कूलंट वाफ होऊन जातं आणि थेंबही सापडत नाही.

गॅरेजमध्ये काय मागायचं?

'कूलंट टॉप-अप करून द्या' एवढंच म्हणू नका. प्रेशर टेस्ट मागा. थंड इंजिनला पंपाने दाब देतात; काटा खाली आला तर गळती आहे, आणि दाबामुळे ती जागाही उघडी पडते. हेड गॅस्केटचा संशय असेल तर कूलंटमध्ये जळलेला वायू शोधणारी टेस्ट करून घ्या. नळाचं पाणी भरत राहू नका, आत क्षार आणि गंज साठतो.

सेकंड-हँड गाडी घेताय? इंजिन थंड असतानाच बघायला जा. ॲपमध्ये 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' दिसत असेल तर वाचा. ते 10-12 किलोमीटर असेल, तर विकणाऱ्याला कारण विचारा.

होज, कॅप, रेडिएटर किंवा वॉटर पंप असेल तर दुरुस्त करा आणि गाडी बिनधास्त वापरा. हेड गॅस्केट असेल, तर दुरुस्तीचं कोटेशन आणि रिन्युअलची फी एकत्र मांडून मगच ठरवा. गाडी भंगारात काढायचीच असेल, तर ती अवस्था बघून काढा, नुसतं आरसीवरचं साल बघून नको.