राजवाडा पाहावा, तलावही पाहावा

दिवाळीच्या सुटीत मुलांना राजवाडा दाखविण्याची हौस अनेक कुटुंबांना असते. कोणी म्हैसूर गाठतात, तर कोणी कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहून येतात. उंच छत, झुंबरे, शस्त्रे आणि सिंहासन पाहून मुले हरखून जातात. मग एखादे मूल विचारते, “राजाजवळ एवढा पैसा कोठून येत असे?” “तो राजा होता, म्हणून,” असे सांगून वडीलधारी मंडळी पुढच्या दालनाकडे वळतात. त्या सहलीतील सर्वांत मोलाचा प्रश्न मात्र तेथेच मागे राहतो.

भंडारा जिल्ह्यातील पालकांना या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. तुमसर तालुक्यातील आंबागड हा इ. स. १७०० च्या सुमारास बांधलेला डोंगरी किल्ला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या राजवटीत राजा खान पठाण या सुभेदाराने तो उभारला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आला आणि तेथे कैदी ठेवले जाऊ लागले. गड चढताना मुलांना एवढेच विचारावे, की हे दगड वर कोणी नेले असतील आणि एवढ्या उंचीवर पाण्याची सोय कशी केली असेल? सत्तेच्या इमारतीत दालने असतात, तशा कोठड्याही असतात, हेही त्यांना येथे कळते.

नागपूरचा ‘महाल’ हा भाग भंडारेकरांच्या परिचयाचा आहे. तेथील भोसल्यांचा जुना राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि त्यावर लाकडी नक्षीकामाची समृद्धी होती. तिसरे रघूजीराजे १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले. दुसऱ्याच वर्षी लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा केले. हत्ती, घोडे, बैल विक्रीस निघाले आणि जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्यास रवाना झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६४ मध्ये, तो राजवाडाही आगीत जळाला. पहिल्या रघूजीराजांच्या नावाची एक तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनमधील लिलावातून विकत घेऊन परत आणली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. पिढ्यान्‌पिढ्या साठविलेले वैभव किती थोड्या काळात पांगते, याचे हे आपल्याच भागातील उदाहरण होय.

आता मुलाच्या प्रश्नाकडे यावे. या वैभवाच्या जमाखर्चातील जमेची मोठी बाजू शेतसाऱ्याची होती आणि वैनगंगेच्या खोऱ्यात शेतसारा म्हणजे मुख्यतः धानाचे पीक. धानाला हवे पाणी. ते साठविण्यासाठी येथील कोहळी समाजाने गोंड आणि भोसले राजवटींत गावोगाव तलाव बांधले. जमिनीचा उतार नेमका हेरून मातीची पाळ घालायची, पाणी सोडण्यासाठी तुडूम ठेवायचे आणि जादा पाणी वाहून जाण्यासाठी सांडवा काढायचा, हे शास्त्र त्यांनी अनुभवातून सिद्ध केले. पूर्वी भंडारा जिल्ह्यात असलेला आणि १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात गेलेला नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. गावचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या मालगुजारांकडे हे तलाव असत. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. म्हणूनच त्यांना आज ‘माजी मालगुजारी’ किंवा थोडक्यात ‘मामा’ तलाव म्हणतात.

राजवाडा जळाला, राज्य गेले, मालगुजारीही गेली. परंतु यांपैकी अनेक तलावांच्या पाण्यावर आजही धान पिकते. गाळ साचून कित्येक तलाव उथळ झाले आहेत, काहींच्या काठांवर अतिक्रमणे झाली आहेत. राजवाड्याची डागडुजी व्हावी असे सर्वांनाच वाटते, पण तलावाच्या पाळीची काळजी वाहणारे मात्र थोडे असतात. ज्या मुलांनी तलाव पाहिलाच नाही, ती मोठी होऊन त्याच्यासाठी काय करणार?

म्हणून येत्या सुटीत एक दिवस राजवाड्यासाठी वा गडासाठी, आणि दुसरा तलावासाठी राखून ठेवावा. दिवाळीच्या सुमारास बांध्यांत धान पिवळे झालेले असते आणि तलावात पाणीही असते. मुलांना पाळीवरून चालवावे. मात्र पाण्याच्या कडेला त्यांचा हात सोडू नये. तुडूम कोठे आहे, पाणी कोणत्या बांध्यांकडे जाते, त्याची पाळी कोण ठरवितो, हे गावातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास नम्रपणे विचारण्यास मुलांनाच पुढे करावे. महालातील भोसल्यांचा वाडा हे त्या घराण्याचे राहते घर आहे. परवानगीवाचून आत जायचे नसते, हा शिष्टाचारही तेथून जाताना शिकवावा.

घरी परतल्यावर मुलांना एका कागदावर दोन रकाने आखून द्यावेत. एकात राजाने काय बांधले ते लिहावे, दुसऱ्यात प्रजेने काय बांधले ते. मग प्रत्येक नावापुढे, आज त्याचा उपयोग कोणाला होतो, हे मुलांनी स्वतः ठरवून भरावे. हा ताळेबंद जुळविताना आईवडिलांनी घाई करू नये आणि उत्तरही आधी सांगू नये.