टनाचा हिशेब आणि खिडकीबाहेरचा माणूस

होळी पेटली, की मुंबई-ठाण्यापासून पार रत्नागिरी-मालवणपर्यंतच्या घरांत एक चर्चा रंगते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तिचा विषय 'एसी घ्यायचा की नाही' असा असे आणि ती बहुधा 'नाही'वर संपे. आता 'कितीचा घ्यायचा' आणि 'जुना बदलायचा का' एवढेच प्रश्न उरले आहेत. एसी ही चैन की गरज, या वादात मी पडणार नाही. ज्या घरात ऐंशी ओलांडलेली आजी आहे किंवा रात्रपाळी करून दिवसा झोपणारा मुलगा आहे, त्या घराला हा वाद घालायला फुरसत नाही. दमट उष्मा जिवावर कसा बेततो, हे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. माझे म्हणणे निराळे आहे. आपण एसीच्या खरेदीवर महिनाभर खल करतो आणि तो बसवण्याच्या कामाकडे तासभरही लक्ष देत नाही. किनारपट्टीवर हा हिशेब नेमका उलटा असायला हवा.

कारण आपला उन्हाळा विदर्भासारखा नाही. मे महिन्यात नागपूरचा कमाल पारा सरासरी ४२-४३ अंशांवर जातो, मुंबईचा ३३-३४ च्या आसपास थांबतो. नुसते आकडे पाहिले तर मुंबईकराने तक्रार करणे म्हणजे कृतघ्नपणाच! पण नागपूरला वाळ्याचा कूलर लावला की खोली गार होते, कारण तिथली कोरडी हवा पाणी पिऊन घेते. तोच कूलर दादरच्या खोलीत लावून पाहा. अंगाची चिकचिक तेवढी वाढेल. इथल्या हवेला पाण्याची तहानच नसते. घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंगाला गार करीत नाही. पाऱ्यापेक्षा ओलीचा जाच आपल्याला अधिक.

गंमत म्हणजे एसीचा जन्मच मुळी या ओलीपायी झाला. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद कधी फुगे, कधी आक्रसे, आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. विलिस कॅरियर नावाच्या २५ वर्षांच्या इंजिनिअरवर हवा आटोक्यात आणण्याचे काम आले. त्याने थंड नळ्यांवरून हवा खेळवली. हवेतली वाफ नळ्यांवर पाणी होऊन ठिबकली आणि कागद शहाण्यासारखा वागू लागला. माणसांना गारवा मिळाला ती वरकमाई.

आता 'टन' या शब्दाकडे वळू. त्याचा यंत्राच्या वजनाशी काही संबंध नाही. एक टन बर्फ २४ तासांत वितळवायला जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता त्याच वेगाने खोलीबाहेर काढणारे यंत्र ते एक टनाचे. दुकानात मात्र टन विकला जातो तो तांदळासारखा, जास्त तेवढा बरा. 'साहेब, दीड टनच घ्या, एकाने काय होणार?' असे विक्रेता म्हणतो, घरच्या बाईसाहेबही 'अहो, घ्यायचाच तर मोठा घेऊ' म्हणतात आणि दहा बाय बाराच्या खोलीत दीड टनाचे धूड येऊन बसते.

त्याने होते काय? थंडी झटपट होते. दहा-पंधरा मिनिटांत खोली २४ अंशांवर येते आणि साध्या एसीचा कॉम्प्रेसर बंद पडतो. पण हवेतली ओल काढायला वेळ लागतो. आधी कॉइल गार व्हावी लागते, मग तिच्यावर दव धरते, दवाचे थेंब होतात, ते खालच्या तबकात पडून नळीवाटे बाहेर जातात. यंत्र लवकर थांबले की कॉइलवरचे पाणी तिथेच राहते आणि चालू असलेला पंखा ते पुन्हा खोलीत फुंकतो. खोली गार, पण तळघरासारखी ओली. मग आपण आकडा २० वर नेतो, अंगावर दुलई ओढतो, आणि कपाटातल्या साड्यांना कुबट वास का येतो याचा शोध घेत बसतो. इन्व्हर्टर एसी थांबण्याऐवजी मंदावतो, त्यामुळे हे काम त्याला बरे जमते. पण तोही खोलीच्या मानाने फार मोठा घेतला तर तेच रडगाणे. जुलै महिन्यात, पारा उतरलेला आणि भिंती ओल्या असताना, रिमोटवरचे 'ड्राय'चे बटण खरे उपयोगाचे. ते दाबणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

१ जानेवारी २०२० पासून स्टार लावलेला एसी सुरू होतो तो २४ अंशांवर, हे सरकारने ठरवून दिले. एक अंश वाढवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. खोली नीट कोरडी होत असेल तर २६ अंश आणि डोक्यावर मंद पंखा एवढ्यावर उत्तम झोप लागते. होत नसेल तर २० सुद्धा पुरत नाही.

मोठा एसी कधीच घेऊ नये असे नाही. गच्चीखालचा मजला, पश्चिमेची उघडी भिंत, मोठी काचेची खिडकी असेल तर दहा बाय बारालाही जास्त लागेल. कुणीतरी येऊन खोली पाहिली पाहिजे. खोली न पाहता टन सांगणारा विक्रेता म्हणजे नाडी न पाहता पुडी बांधणारा वैद्य.

यंत्र घरी येते आणि एप्रिलमधल्या एखाद्या रात्री नऊ वाजता दोन दमलेली पोरे ते बसवायला येतात. हे त्यांचे दिवसातले पाचवे-सहावे काम असते, आणि बहुतेकांना पैसे मिळतात ते नगावर. इथे घाई म्हणजे कमाई. तांब्याच्या नळ्या जोडल्या की त्यांच्या आत आपली दमट हवा अडकलेली असते. ती व्हॅक्यूम पंप लावून काढायची असते, आणि त्याला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. त्याऐवजी यंत्रातलाच थोडा गॅस सोडून हवा ढकलून दिली की काम दोन मिनिटांत होते. एसी लगेच थंड हवा देतो, घरचे लोक टाळ्या पिटतात, पोरांना सरबत मिळते. आत राहिलेली ओल तेलाशी आणि गॅसशी मिळून आम्ल करते आणि तीन-चार वर्षांनी कॉम्प्रेसर बसतो. तेव्हा आपण कंपनीला शिव्या देतो.

दुसरे गाऱ्हाणे पाण्याचे. आपल्या हवेत चालू एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतो. त्या नळीला उतार हवा. फॉल्स सीलिंगच्या हौसेपायी ती आडवी, कधी चक्क चढती नेली जाते. मग तीत शेवाळ धरते आणि ऐन मुक्कामाला पाहुणे असताना भिंतीवरून ओघळ येतो. नळी नीट असली तर तिचे तोंड खालच्या बिऱ्हाडाच्या पत्र्यावर सोडलेले असते. रात्रभर त्या टपटपीखाली झोपून पाहावे म्हणजे सोसायटीतली भांडणे कशी सुरू होतात ते कळते.

तिसरा प्रकार खास आपल्या किनाऱ्याचा. खारा वारा तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पात्या यांच्यामध्ये गंज पेरतो. पात्यांवरचा निळा किंवा सोनेरी लेप थोडा आधार देतो, सांध्यांना मात्र नाही. खाडीकाठी आणि उघड्या नाल्यालगत राहणाऱ्यांचे दुखणे आणखी वेगळे. तिथल्या कुजक्या अंड्याच्या वासात जो गंधकाचा वायू असतो तो तांब्याला काळे करून पोखरतो. म्हणून बाहेरची कॉइल साध्या पाण्याने वरचेवर धुवावी. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: एसीचा गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. 'साहेब, दर वर्षी गॅस भरावा लागतो' असे जो सांगतो, तो गळती न शोधता पैसे घेतो आहे. गळती शोधून बुजवावी, मग यंत्रावर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस तोलून भरावा.

एवढे सगळे अंगात मुरलेला कारागीर मिळतो, नाही असे नाही. पण तो कुठे उभा राहून काम करतो ते आपण कधी पाहिले आहे का? आपल्या जुन्या इमारती बांधल्या तेव्हा खिडकीत एक पंखा आणि तुळशीची कुंडी एवढाच विचार होता. आता सातव्या मजल्याच्या ग्रिलबाहेर, वीतभर छज्जावर एक पाय टेकून एक पोरगा तीस-पस्तीस किलोचे आउटडोअर सांभाळत असतो. कमरेला काही नसते. असलाच तर नायलॉनचा दोर असतो आणि त्याचे दुसरे टोक आतल्या मित्राच्या हातात. आपण हॉलमधून विचारतो, 'अजून किती वेळ?' उन्हाळ्यात कधीतरी आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते, तिच्यात त्याचे वय असते, बाविसाच्या आसपास.

याला गरिबी, बेकारी, कंत्राटी पद्धत अशी मोठी नावे देता येतील आणि ती खोटी नाहीत. पण त्या खोलीत निर्णय घेणारा माणूस आपण असतो. चाळीस हजारांच्या यंत्रामागे फिटिंगचे दीड-दोन हजार देताना आपण दोनशे कमी करून घेतो. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. अशा यंत्रामागे तीनेक हजार रुपये त्याने वाचतात. त्यात सेफ्टी बेल्ट, व्हॅक्यूम पंपाचा अर्धा तास आणि न गंजणारे ब्रॅकेट सहज बसते. हे ब्रॅकेट किरकोळ समजू नका. साधे लोखंडी अँगल खाऱ्या वाऱ्यात काही पावसाळ्यांत पोकळ होतात, आणि त्यांच्याखालून शाळेची मुले जात असतात.

जुना एसी बदलणाऱ्यांना थोडे जास्त सांभाळावे लागते. 'आधी दीड टनाचा होता, आताही दीडच' हे उत्तर चुकीचे असू शकते; पूर्वी ज्याने टन सांगितला त्याने तरी खोली कुठे पाहिली होती? भिंतीत गाडलेल्या जुन्या नळ्या तशाच वापरायचा मोह होतो, पण जुन्या आर-२२ गॅसच्या यंत्रातले तेल नव्या आर-३२ च्या यंत्राला चालत नाही, आणि नवा गॅस बऱ्याच जास्त दाबाने चालतो. नळ्या नव्या घ्याव्यात. हा आर-३२ काही प्रमाणात ज्वलनशीलही आहे, तेव्हा शिकलेला माणूसच बोलवावा. खिडकीचा एसी काढून स्प्लिट लावलात तर ते भोक विटांनी नीट बुजवा. प्लायवूड ठोकून कॅलेंडर टांगले तर समुद्राची सगळी ओल तिथूनच आत येणार.

बाहेरच्या यंत्राच्या जागेचा प्रश्न मात्र एकट्या बिऱ्हाडाने सुटणारा नाही. ते आपल्या खोलीतली सगळी उष्णता आणि वर स्वतःची भर घालून बाहेर फेकते. डक्टमध्ये एकावर एक आठ आउटडोअर लावली की खालच्यांची गरम हवा वरच्यांच्या वाट्याला येते आणि वरच्या मजल्याचे बिल फुगते. जागा कुठली, पाण्याचा सामायिक पाईप कुठून, बेल्टवाचून कुणाला बाहेर उतरू द्यायचे नाही, हे विषय सोसायटीच्या वार्षिक सभेत यायला हवेत. तिथे अजून पार्किंगवरच दोन तास जातात. नव्या इमारतींत आउटडोअरसाठी कठडा दाखवतात खरा, पण अनेकदा त्या कठड्यावर जायला दार नसते. म्हणजे पुन्हा खिडकीतूनच उडी. तेव्हा सँपल फ्लॅट पाहायला गेलात तर इटालियन टाइल्सचे कौतुक झाल्यावर बिल्डरच्या माणसाला त्या कठड्याशी घेऊन जा आणि विचारा, की दुरुस्तीला आलेला माणूस इथवर पोहोचणार कसा आणि बेल्टचा हूक अडकवणार कुठे.