कानांनी पाहावयाचे नाटक

नाटक म्हटले की रंगमंच, पडदा, रंगभूषा आणि दिव्यांचा झगमगाट डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु ज्यात यांपैकी काहीच नाही, असेही एक नाटक आहे. त्याला श्रुतिका किंवा नभोनाट्य म्हणतात. पूर्वी ते रेडिओवरूनच ऐकू येई. आज पॉडकास्टच्या रूपाने ते मोबाईलवरही ऐकता येते. चित्रांच्या या युगात नुसते ऐकावयाचे नाटक कशाला, असे पुष्कळांना वाटते. ज्यांना दिसत नाही त्यांची सोय म्हणून ते ठीक, डोळसांना त्याचे काय, असेही कोणी म्हणतात. हा समज श्रुतिकेवर अन्याय करणारा आहे.

इंग्लंडात १५ जानेवारी १९२४ रोजी बी.बी.सी.ने रिचर्ड ह्यूज यांचे एक छोटे नाटक प्रक्षेपित केले. मुद्दाम रेडिओसाठी लिहिलेल्या अगदी आरंभीच्या नाटकांपैकी ते होय. वेल्समधील एक कोळशाची खाण पाहावयास काही मंडळी उतरतात आणि एकाएकी दिवे विझतात. पुढे स्फोट, चढत येणारे पाणी आणि त्या काळोखात एकमेकांना चाचपडत शोधणारे आवाज! ऐकताना घरातील दिवेही मालवावेत, असे श्रोत्यांस सुचविण्यात आले होते. पात्रांना जेवढे दिसत होते तेवढेच श्रोत्यांना, म्हणजे काहीच नाही. रंगमंचावर असा मिट्ट काळोख केला असता, तर प्रेक्षकांनी कुरकुर केली असती. येथे मात्र तो काळोखच नाटकाचा प्राण झाला. दृश्य नसणे हे उणेपण नसून सामर्थ्य कसे ठरते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

श्रुतिकेत ध्वनीची करामत मोठी गमतीची असते. नारळाच्या दोन करवंट्या तालात आपटल्या की घोडा दौडू लागतो. पातळ पत्रा हलविला की मेघ गडगडतात, आणि चुरचुरणारा पारदर्शक कागद माइकजवळ चुरगाळला की आग भडकते. पण घोड्याचा रंग कोणता, आग किती उंच, हे करवंटी किंवा कागद सांगत नाही. ते ऐकणाऱ्याने ठरवावयाचे. चित्रपटातला वाडा सर्वांना एकच दिसतो. श्रुतिकेतला वाडा मात्र जितके श्रोते तितक्या प्रकारचा. कोणाला त्यात आपल्या आजोळचा चौक दिसेल, कोणाला गावाबाहेरील पडकी गढी. चित्र पाहणारा दुसऱ्याने केलेले चित्र घेतो. श्रोत्याला ते स्वतः रेखाटावे लागते.

अर्थात सर्वच श्रुतिका चांगल्या असतात असे नव्हे. पाच-सहा सारख्या आवाजांची पात्रे एकदम बोलू लागली की कोण कोण ते कळेनासे होते. काही लेखकांचा तर श्रोत्याच्या कल्पनेवर विश्वासच नसतो. मग त्यांचे पात्र म्हणते, “अरे, तू उजव्या हातात ही लखलखती तलवार घेऊन दारातून आत का येत आहेस?” अशी भाषा जगात कोणी बोलत नाही. बोलणे खरे हवे. मुंबई आकाशवाणीवरील ‘पुन्हा प्रपंच’ या कार्यक्रमातील प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी यांच्या गप्पा घरोघरी आवडीने ऐकल्या गेल्या, त्या याच कारणाने. त्यात ना युद्ध, ना वादळ. मध्यमवर्गीय घरातील रोजच्या अडचणी तेवढ्या होत्या. परंतु ती माणसे शेजारच्याच बिऱ्हाडात राहतात, असे वाटे.

ऐकणाऱ्याकडेही काही काम असते. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत ऑर्सन वेल्स यांनी मंगळावरील प्राण्यांच्या स्वारीची कथा रेडिओच्या बातम्यांच्या थाटात सादर केली. हे नाटक असल्याचे आरंभीच सांगितले होते. पण ज्यांनी रेडिओ उशिरा लावला, त्यांतील काहींना ती खरीच बातमी वाटली व ते घाबरले. या घबराटीचे वृत्तपत्रांनी केलेले वर्णन बरेच फुगविलेले होते, असे पुढील अभ्यासकांनी दाखविले आहे. तथापि अर्धवट ऐकण्याचा धोका त्यातून दिसतोच. आजचा श्रोता तर हवे तेथे थांबू शकतो, हवे तेवढे पुढे सरकू शकतो. ही सोय खरी. पण तिच्यामुळे नाटकाचे तुकडे तुकडे होतात. गृहपाठ करता करता ऐकलेली श्रुतिका धड ऐकलीही जात नाही आणि गृहपाठही बिघडतो. त्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांची एखादीच निवडावी, हातातले काम बाजूस ठेवावे, आणि घरातील दोघा-चौघांनी मिळून ती आरंभापासून शेवटपर्यंत ऐकावी. त्यात एखादा दृष्टिहीन मित्र असेल, तर त्याला कोणी काही समजावून सांगावे लागत नाही. तो आणि इतर एकाच पायरीवर असतात. किंबहुना पुष्कळदा त्याचेच कान अधिक तयार असतात.

वर्गातही श्रुतिका सहज करता येते. एक चादर आडवी टांगावी आणि बोलणाऱ्यांनी तिच्यामागे बसावे. पाण्याची बादली, जुनी किल्ली, करवंट्या एवढे साहित्य पुरे. वेष लागत नाही, उंची लागत नाही; एरवी नाटकात नेहमी पहारेकऱ्याचेच काम मिळणाऱ्या मुलाला येथे राजा होता येते, फक्त त्याचा आवाज राजाचा हवा.