ख्रिस्ती सोवळं

गेल्या महिन्यात बहिणीची नात आमच्याकडे कोयनानगरला राहायला आली होती. अकरावीत आहे. येण्याआधी ती तरुणांच्या एका शिबिराला जाऊन आली होती. विषय 'पवित्र जीवन'. मी विचारलं, काय शिकवलं? तिनं वहीच पुढे केली. बाह्या केवढ्या असाव्यात, मोबाइलवर काय बघू नये, मुलांशी किती बोलावं, जगिक लोकांच्या घरी काय खाऊ नये. एकूण अठरा मुद्दे, त्यातले अकरा फक्त मुलींसाठी! मग हळूच म्हणाली, "आजी, मी मैत्रिणीकडे गौरीच्या जेवणाला गेले होते. मी अपवित्र झाले का गं?"

मंडळी, तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. नातेवाइकांपैकी काहींना हे वाचून राग येईल. येऊ द्या.

आम्ही ख्रिस्ती लोकांनी सोवळं-ओवळं सोडलं, असं आपण अभिमानानं सांगतो. सोडलं कुठे? रेशमी कद तेवढा टाकला. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना आठवेल. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याजवळ राहायला आल्या, तरी त्यांचं सोवळं चालूच होतं. मग विचार करता करता त्यांना उमगलं की हे भेद देवानं केलेले नाहीत, माणसानं केलेत. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला, पण सोवळं त्याआधीच सुटलं होतं. आपलं मात्र उलटं झालंय. बाप्तिस्मा आधी आणि सोवळं नंतर.

हे सोवळं दुसऱ्या बाजूनं कसं लागतं ते मला ठाऊक आहे. वडील इथे धरणाच्या कामावर होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. आमच्या खोलीची भिंत कोसळली, पण आम्ही वाचलो. शेजारच्या काकू आमच्या घरचं पाणी कधी घेत नसत. त्या दिवशी मैदानात आईनं तीन दगडांवर चहा केला. काकूंनी तिच्याच हातून कपबशी घेतली, आधी नातवाला पाजलं, मग स्वतः प्यायल्या. पुढे दहा-बारा दिवसांत तंबू लागले आणि काकूंचा हंडा पुन्हा वेगळा झाला. आई काही बोलली नाही. मला मात्र ते अजून खुपतं. नातीच्या वहीत मला तोच हंडा दिसला. फरक एवढाच, की या वेळी तो आमच्या दारात होता.

कुणी म्हणेल, बाई, पवित्र म्हणजे देवासाठी वेगळं केलेलं, असं शास्त्रच सांगतं. अगदी बरोबर. पण वेगळं कशासाठी? वर्गात फळा पुसायचं फडकं मी वेगळं ठेवत असे, ते काही घडी घालून कपाटात ठेवण्यासाठी नव्हे. येशूनं कुष्ठरोग्याला हात लावला. नियमाप्रमाणे विटाळ येशूला व्हायला हवा होता. झालं उलटंच, रोगी शुद्ध झाला!

पंडिता रमाबाईंचं बघा. इंग्लंडात १८८३ साली बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या धर्मभगिनींपुढे आपली बुद्धी गहाण टाकली नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः जाऊन उपाशी मुली-बायका आणल्या. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी इस्पितळात मुली सुरक्षित नाहीत असं जाहीरपणे लिहिलं. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे, म्हणून गप्प बसल्या नाहीत. आणि ज्यांना समाजानं 'पतित' ठरवलं होतं, त्या बायकांसाठी केडगावला कृपासदन काढलं. त्यांच्यात राहून रमाबाई विटाळल्या का? शिबिरात बाह्यांची लांबी सांगणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आता माझंही सांगते, नाहीतर हे दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढणं होईल. नोकरीत असताना माझ्या नववीच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर आलीच नाही. तिचं लग्न ठरतंय हे मला आधी कळलं होतं. तिच्या घरी जायला हवं होतं, नाही ऐकलं तर तक्रार करायला हवी होती. 'आपण कशाला त्यात पडा' म्हणून मी गप्प बसले. त्या रविवारी उपासनेला गेले, प्रभुभोजनही घेतलं. बाह्या लांब होत्या, तोंडात शिवी नव्हती, कुणाचा पैसा खाल्ला नव्हता. वहीतले अठराच्या अठरा मुद्दे पाळले गेले असते. माझे हात स्वच्छ राहिले, कारण ते मी कशात घातलेच नव्हते.

धैर्याशिवाय पावित्र्य म्हणजे हेच. पुढच्या शिबिरात शिकवायचंच असेल तर मुलींना नाही म्हणायला आणि तक्रार करायला शिकवा. मुलग्यांना स्वतःची नजर सांभाळायला शिकवा, मुलींच्या बाह्या नकोत. आणि सगळ्यांना अंगाला चिखल लागेल अशा ठिकाणी जायला शिकवा.

नातीला मी सांगितलं, "प्रसाद घ्यायचा की नाही ते तुझ्या विवेकाला विचार. नसेल घ्यायचा तर प्रेमानं सांग. पण मैत्रिणीचा उंबरा ओलांडून कुणी अपवित्र होत नाही."

थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग तिला नाताळाला बोलावू?"

म्हटलं, "अगं, विचारतेस काय? पण करंज्या तूच करायच्या!"